आमटीची बिनशर्त माफी

"कोमट?" अण्णा एवढ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या कांबळे टायपिस्टची बोटं चालता चालता थांबली. "माझी आमटी कोमट? कुणी म्हणलं कोमट?"

"कागदात तसं आहे, अण्णा. वकिलांनी इंग्रजीत 'वॉर्म' लिहिलंय. वॉर्म म्हणजे कोमट."

"त्यो हैबत्या गरम म्हणला हुता. 'हात धुवायचं गरम पाणी.' समद्या गावानं ऐकलंय. माझी आमटी पातेल्यातनं निघाली की पानात पडंस्तवर तिची वाफ मोडत न्हाई, आन् तू मला कोमट लिवतीस? खोड ते."

"आधी मामांना हैबत्या म्हणू नका. माझे सासरे आहेत ते."

"तुझं सासरं असतील. माझं प्रतिवादी हाय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी 'कोमट' खोडलं आणि 'गरम' लिहिलं. आपली बदनामी जशीच्या तशी कागदावर उतरली हे पाहून अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

माझं टेबल तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली, टायपिस्टांच्या रांगेत शेवटचं होतं. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. लग्नानंतर घरी बसून काय करायचं म्हणून मामांनीच, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच, आपल्या मंडपाच्या सामानातलं एक टेबल आणि दोन खुर्च्या तिथं आणून टाकल्या आणि पाटी रंगवून दिली, 'इंग्रजीचे मराठी व मराठीचे इंग्रजी करून मिळेल.' हैबतराव शेवाळे यांचा मंडप, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर, आणि ज्योतीराम खराडे यांचा स्वयंपाक, हे पंचक्रोशीतल्या लग्नांचं ठरलेलं समीकरण होतं. खराडे आचारी म्हणजे माझे अण्णा. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी राबले, एकाच विडीचे दोन झुरके वाटून घेतले, आणि मग मुलं मोठी झाल्यावर व्याही झाले. माझं आणि प्रतापचं लग्न ठरवायला कुणी मध्यस्थ लागला नाही. एका लग्नात भांडी घासून होईपर्यंत ठरलं.

आणि मग चिंचोलीचं ते लग्न झालं.

मी तिथं नव्हते, पण ज्यांनी ऐकलं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की आता मीच ऐकल्यासारखं वाटतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मामांनी माईक टेस्टिंग केलं आणि माईक हातातच धरून, तो बंद आहे अशा समजुतीत, आपल्या म्हादबाशी बोलायला लागले. म्हादबा म्हणजे त्यांचा ॲम्प्लिफायर सांभाळणारा जुना माणूस. झाडावर बांधलेल्या चारही कर्ण्यांतून आवाज आला, "खराड्याची आमटी म्हंजी हात धुवायचं गरम पाणी झालीया..." म्हादबानं घाईघाईनं वायर उपटली. पण जे जायचं ते नदीपल्याडच्या वाडीपर्यंत गेलं होतं.

आचाऱ्याचं नाव म्हणजे त्याचा जीव. दुसऱ्याच आठवड्यात अण्णांनी घाटगे वकिलांना गाठलं आणि अब्रुनुकसानीचा दावा लावला. तोही इंग्रजीत. घाटग्यांचं म्हणणं असं, की मराठीत दावा लावला तर प्रतिवादी वाचतो आणि उत्तर देतो. इंग्रजीत लावला तर आधी घाबरतो आणि मग वाचून दाखवणारा माणूस शोधत फिरतो. या तालुक्यात तो माणूस मीच होते. माझ्या बापानं माझ्या सासऱ्यावर लावलेला दावा मीच सासऱ्यांना वाचून दाखवला, आणि सासऱ्यांनी दिलेली कैफियत मीच बापाला. घाटग्यांनी आमटीचं केलेलं इंग्रजी मी परत मराठीत आणलं तेव्हा ते झालं, 'आमटी या स्थानिक नावाने ओळखली जाणारी मसालेदार डाळीची एक कृती.' मामा म्हणाले, "ह्यातलं मी काय बी बोललो न्हवतो. दावा खोटा हाय."

हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. माझा सातवा महिना सरत आला होता. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरच्या माणसानं न्यायला आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. मला भाऊ नाही. न्यायला यायचं तर अण्णांनीच. अण्णा म्हणायचे, "त्यानं माफी मागितल्याबिगर त्याची पायरी चढणार न्हाई." मामा म्हणायचे, "त्यानं दावा काढल्याबिगर सून त्या दारात जाणार न्हाई." नवऱ्याला विचारलं तर प्रताप साखर कारखान्याच्या ड्यूटीचं कारण काढून निघून जायचा, दोन्ही बाजूंना हो म्हणण्यात तो पटाईत होता. सासूबाई जीव लावायच्या, काही कमी नव्हतं. पण मला आईजवळ जायचं होतं. त्या दिवसांत मला दुसरं काहीच नको होतं. संध्याकाळी कोर्ट सुटलं की गावाकडं जाणारी एस.टी. स्टँडवरून सुटायची आणि मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे.

न्यायाधीश नवीन आले होते. त्यांनी फाईल उघडली, दावा वाचला, कैफियत वाचली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"घाटगे, हे मिटवा. व्याही व्याही आहात, कोर्टात काय करताय?"

मग तडजोड ठरली. अटी घाटग्यांनीच लिहिल्या, अर्थातच इंग्रजीत. मुख्य अट अशी, की ज्या माध्यमातून बदनामी झाली त्याच माध्यमातून, तितक्याच मोठ्या आवाजात आणि तेवढ्याच जनसमुदायासमोर माफी मागितली जावी. म्हणजे लग्नात, लाऊडस्पीकरवरून. पुढच्याच आठवड्यात चिंचोलीतच सर्जेराव साळुंख्यांच्या मुलीचं लग्न होतं. मंडप मामांचा, स्वयंपाक अण्णांचा. सुपाऱ्या दावा लागायच्या आधीच घेतलेल्या. साळुंखे दिलदार माणूस. "माझ्या पोरीच्या लग्नात दोन व्याही एक होत असतील तर चांगलंच हाय," म्हणाले.

न्यायाधीश म्हणाले, "माफी मराठीत हवी. दोघांना कळली पाहिजे. माफी झाली की पुढच्या तारखेला येऊन पुरसिस द्या, वाद मिटल्याचं तसं लेखी द्या, म्हणजे मी दावा निकाली काढतो. भाषांतर कोण करणार?"

"कुमुद," अण्णा म्हणाले.

"कुमुद," मामाही म्हणाले.

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग फाईलकडे. "या बाई तुमच्या कोण?"

"पोरगी," अण्णा म्हणाले.

"सून," मामा म्हणाले.

"आणि कुणाची हरकत नाही?"

"माझी पोरगी खोटं लिवणार न्हाई."

"माझी सून एक अक्षर इकडचं तिकडं करणार न्हाई."

"या प्रकरणात प्रथमच एकमत झालंय," न्यायाधीश लघुलेखकाला म्हणाले. "तशी नोंद घ्या."

पहिला मसुदा अण्णांनी 'कोमट'वरून हाणून पाडला तो असा. दुसरा मसुदा घेऊन मी संध्याकाळी मामांपुढे बसले. सोप्यात सतरंजी घातलेली, सासूबाई लसूण सोलत बसलेल्या.

"'ज्याअर्थी प्रतिवादीने कोणत्याही हक्कास बाधा न येता...'" मी वाचायला लागले.

"म्हंजी काय?"

"म्हणजे तुम्ही माफी मागताय, पण तुमचं चुकलं असं तुम्ही म्हणत नाही."

मामांचा चेहरा उजळला. "हे ब्येस काढलंय. असं असतंय व्हय इंग्रजीत? मग आधीच मागितली असती की!"

"पुढं ऐका. 'बिनशर्त, निःसंदिग्ध व संपूर्ण माफी.'"

"एकदा म्हणतोय बाधा न येता, आन् लगीच म्हणतोय बिनशर्त. घाटग्या शुद्धीवर हुता न्हवं?"

घाटग्यांना इंग्रजी वाक्प्रचारांची भारी हौस. कागदात एके ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, की दोन्ही पक्ष आपापली कुऱ्हाड पुरून टाकत आहेत. मी शब्दाला शब्द लावून मामांना सांगून पाहिलं.

मामा एकदम ताठ बसले. "कुऱ्हाड? माझ्याकडं कुऱ्हाड कुठनं आली? आगं, पोलीस येतील उद्या घर खणायला!"

"भांडण संपलं असं म्हणायचंय त्यांना."

"मग भांडाण संपलं म्हणावं. हत्यारं कशाला काढतोय?"

मी कुऱ्हाड काढली आणि 'मागचे सर्व विसरून' घातलं. पुढचं कलम होतं, की ही माफी प्रतिवादीवर आणि त्याच्या वारसांवर बंधनकारक राहील, आणि वादी व त्याचे वारस ती स्वीकारतील. ते वाचताना मी थांबले. आतून एक लाथ बसली. अण्णांना मी एकटी, मामांना प्रताप एकटा. म्हणजे माझ्या पोटातलं जे कोण होतं ते एकाच वेळी माफी मागणारंही होतं आणि स्वीकारणारंही. मी सासूबाईंना हे सांगितलं तर त्या लसूण टाकून एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मामा मात्र गंभीर झाले. "जलमायच्या आधीच कोर्टकचेरी," म्हणाले आणि माझ्याकडं न बघता तंबाखू मळायला लागले.

खरी अडचण पुढंच होती. बदनामीचं वाक्य जिथं जिथं आलं तिथं तिथं घाटग्यांनी त्याच्या आधी 'इंटर आलिया' लावलेलं. वकिलांना ती सवयच असते. प्रत्येक वाक्याला लावून देतात. लॅटिन आहे. अर्थ, 'इतर गोष्टींबरोबरच.' म्हणजे प्रतिवादीने, इतर गोष्टींबरोबरच, अमुक उद्गार काढले. आणि माफीच्या कलमात होतं, की ते उद्गार आणि त्यासोबत काढलेले इतर सर्व उद्गार प्रतिवादी मागे घेत आहे.

"मामा, इतर काय बोलला होता तुम्ही?"

"काय न्हाई."

"कागदात 'इतर' आहे. म्हादबांनी वायर काढल्यावर पुढं काही बोललात का?"

"आगं, काय बोलणार? म्हादबाला शिव्या घातल्या."

"त्या मागे घ्यायच्या म्हणजे म्हादबांची पण माफी होईल."

"तुझं तू लिव्ह काय ते!" मामा एकदम खेकसले. ते माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. लगेच वरमले, तंबाखू झटकली आणि "बैलांना पाणी दावतो" म्हणून बाहेर गेले. बैल आमच्याकडे कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी म्हादबांना विचारलं. त्यांनी कानाला हात लावला. "मी काय ऐकलं न्हाई, वैनीबाई. माझा उजवा कान जरा जडच हाय." ॲम्प्लिफायर सांभाळणाऱ्या माणसाचे कान किती तिखट असतात ते मला माहीत होतं. पण माणूस मालकाशी इमानदार. मी 'इतर गोष्टींबरोबरच' असंच ठेवलं. भाषांतरकारानं आपल्या पदरचं घालायचं नसतं.

लग्नाच्या दिवशी मी सासूबाईंबरोबर बायकांच्या बाजूला बसले. आई मला पाहताच धावत आली, माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि डोळ्याला पदर लावला. "आज मिटलं की न्यायला लावते त्यांना," म्हणाली. कनातीमागं चुलवणावर आमटीची पातेली चढलेली. अण्णा तिथून हलले नव्हते. घाटगे वकील कोट घालून पहिल्या रांगेत, मूळ इंग्रजी मसुदा मांडीवर घेऊन, एखादं वाक्य सुटतंय का ते बघायला बसलेले.

अक्षता पडल्या. मामा फेटा बांधून, चष्मा लावून माईकपुढं उभे राहिले. त्यांनी सवयीनं माईकवर तीनदा टिचकी मारली, "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि वाचायला लागले.

"'ज्याअर्थी मी, हैबतराव बळवंत शेवाळे, याने चिंचोली मुक्कामी, इतर गोष्टींबरोबरच, असे उद्गार काढले की खराडे यांची आमटी म्हणजे हात धुवायचे गरम पाणी आहे...'"

मांडवात पहिल्यांदा खसखस पिकली. इथं माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. कायद्याची रीतच अशी, की जे मागं घ्यायचं ते आधी पूर्ण उच्चारायचं. मी भाषांतर करताना एकेक कलम वेगळं बघत होते. सगळं मिळून चार कर्ण्यांतून कसं ऐकू येईल याचा विचार ना घाटग्यांनी केला होता, ना न्यायाधीशांनी, ना मी.

"'आणि ज्याअर्थी, खराडे यांची आमटी म्हणजे हात धुवायचे गरम पाणी आहे, या उद्गारांमुळे खराडे यांच्या लौकिकास बाधा आली...'"

"काय म्हणला? आमटीचं काय?" मागून एक म्हातारा ओरडला.

"हात धुवायचं पाणी हाय म्हंतोय!" दुसऱ्यानं त्याला समजावलं.

"'त्याअर्थी मी असे वचन देतो की यापुढे खराडे यांची आमटी म्हणजे हात धुवायचे गरम पाणी आहे असे मी बोलणार नाही, दुसऱ्याकडून बोलवून घेणार नाही, तसेच कोणी बोलत असल्यास त्यास उत्तेजन देणार नाही...'"

मांडव आता खदखदत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वराकडचं वऱ्हाड परजिल्ह्यातलं होतं. त्यांना या भांडणाचा पत्ताच नव्हता. ती मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. वराच्या मामानं साळुंख्यांना खूण करून विचारलं, "पाव्हणं, आजचं जेवण कुणाचं हाय म्हणायचं?"

साळुंखे घाम पुसत म्हणाले, "त्येंचंच."

कनात बाजूला झाली आणि हातात पळी घेतलेले अण्णा बाहेर आले. चेहरा चुलवणासारखा लाल. ज्या आमटीची बदनामी चिंचोलीपुरती होती, ती आता माझ्या भाषांतरानं परजिल्ह्यात पोचवली होती. घाटगे मात्र समाधानानं मान डोलावत होते. एकही वाक्य सुटलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता अण्णा काही मला न्यायला येत नाहीत. डोळे भरून आले आणि समोरचा मांडव धूसर झाला.

"'सबब,'" मामा वाचत होते, "'वरील उद्गार, आणि त्यासोबत काढलेले इतर सर्व उद्गार, मी बिनशर्त, निःसंदिग्ध...'"

ते थांबले. कागद जवळ नेला, लांब नेला. मग माईकवरूनच, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं, म्हणाले, "कुमुद, ह्ये इतर पण मागं घ्यायचं व्हय?"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. मी कशीबशी म्हणाले, "हो मामा. कागदात तसंच आहे."

"मग जमणार न्हाई."

घाटगे ताडकन उभे राहिले. "शेवाळे! कागदाबाहेर एक शब्द बोलू नका!"

"आमटीचं मागं घेतो. म्हणशीला तितक्यांदा घेतो. पण इतर बोललो ते मागं घेणार न्हाई. ते खरं हाय."

"अजून काय म्हणला हुतास रं?" अण्णा पळी उगारून पुढं आले. "एवढ्यानं भागलं न्हाई? सांग! काय ऱ्हायलंय ते सांग समद्यांम्होरं!"

म्हादबाचा हात वायरीकडं गेला.

"म्हादबा, हात लावशील तर बघ," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "ऐकायचंय न्हवं? ऐक मग. म्या म्हणलं, खराड्याची आमटी हात धुवायचं गरम पाणी झालीया. कारण पोरगी माझ्या घरी आल्यापासनं त्येचं ध्यान चुलीवर न्हाई. मिठाचा डबा हातात घिऊन रस्त्याकडं बघत हुबा ऱ्हातोय. येष्टी आली की मान वर करतोय. म्या म्हादबाला म्हणलं, सुनंला दिवस गेल्यात, सातव्याची वाट कशाला बघायची, आत्ताच धाडू तिला म्हायेरी. तिथं राहू दे बाळंत हुईस्तवर. न्हाईतर ह्यो माणूस खचंल." ते थांबले. "एवढंच. तवर ह्या म्हादबानं वायर काढली."

कर्णे बारीक घूं घूं करत होते. आमची नोटीस गेली, दावा लागला, कैफियत झाली, तारखांवर तारखा पडल्या, आणि या सगळ्यात माझं जे माहेरी जाणं अडून बसलं होतं, ते मामांनी त्या पहिल्याच दिवशी कबूल केलेलं होतं. मला तिथंच रडू फुटलं. सासूबाई माझी पाठ चोळत स्वतःच हुंदके द्यायला लागल्या.

"मग सांगितलं का न्हाईस?" अण्णांची उगारलेली पळी खाली आली.

"कुठं सांगू? कोर्टात? आचारी पोरीपायी झुरतोय म्हणून लिवून देऊ? तुला कमीपणा न्हाई का त्यो?" मामा म्हणाले. "आन् तू तर इंग्रजीत भांडायला लागलास. म्या म्हणलं, मर."

अण्णांनी पळी तिथल्याच एका खुर्चीवर ठेवली. धोतराला हात पुसले, माईकपाशी गेले आणि त्याच्याकडं अशा संशयानं बघितलं की जणू तो चावेल. मग तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाले, "मीठ घालायचं ऱ्हायलं हुतं त्या दिशी. खरं हाय."

"गेला दावा!" घाटगे कपाळावर हात मारून खाली बसले. "भर मांडवात कबुली!"

"आज घातलंय," अण्णा घाईघाईनं वऱ्हाडाकडं बघत म्हणाले. "पाव्हणं, बिनघोर जेवा. चाखून बघितलंय." एवढं बोलून ते मामांकडं वळले. दोघांनाही पुढं काय करायचं ते कळेना. मिठ्या मारायची दोघांनाही सवय नव्हती. अण्णा फेट्याकडं बघत म्हणाले, "मग पोरीला न्यायला कधी येऊ?"

"मला काय इचारतोस? तुझं घर, तुझी पोरगी. ह्या घटकेला घिऊन जा. टेम्पो हुबाच हाय."

हा सगळा संवाद चालू माईकवर झाला. नदीपल्याडच्या वाडीतली एक बाई मला नंतर भेटली, ती म्हणाली, आम्ही भांडी टाकून रडत बसलो होतो.

त्या दिवशी आमटीला इतकी मागणी आली की शेवटच्या पंगतीला अण्णांना नवीन पातेलं चढवावं लागलं. आणि संध्याकाळी मी मामांच्या टेम्पोत, पुढच्या सीटवर, आई आणि अण्णांच्या मध्ये दाबून बसून माहेरी गेले. मामा स्वतः चालवत होते. प्रत्येक खड्ड्याला अण्णा "सावकाश की!" म्हणायचे आणि मामा "मला शिकवू नको" म्हणायचे.

पुरसिस काही दिली गेली नाही. पुढच्या तारखेला कोर्टात पुकारा झाला. वादी हजर नाहीत, प्रतिवादी हजर नाहीत. न्यायाधीशांनी वाट पाहिली आणि गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला. घाटगे वकील त्या हुकमाची नक्कल घेऊन दुपारी थेट आमच्या गावी आले. मी खाटेवर पडले होते, मुलगी पंधरा दिवसांची. मामांनी सकाळीच येऊन मंडपाच्या दोरानं आढ्याला पाळणा टांगला होता आणि अण्णा त्या गाठींवर विश्वास नसल्यामुळे पाळण्याखाली हात धरून उभे होते.

"कमाल आहे तुमची!" घाटगे उंबऱ्यातूनच खणखणीत आवाजात गरजले. "आज तारीख होती! दावा डिसमिस झाला! अजून वेळ गेलेली नाही, सबळ कारण दाखवून अर्ज केला तर दावा परत उभा..."

वादी आणि प्रतिवादी एकदमच त्यांच्याकडं वळले आणि दोघांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, वकीलसाहेब," मामा कुजबुजले. "आत्ता कुठं झोपलीया."